पंख्याखालचं बोलणं

गल्लीत त्यांना सगळे मापकाका म्हणत. शर्ट शिवायला कुणी आलं की खांद्यावर टेप टाकण्याआधीच ते मनाशी माप ठरवून मोकळे होत आणि मग उगाच खात्री करून घेत. ऐन तारुण्यात, लग्नाला थोडेच दिवस झाले असताना, एका तापाने त्यांचे दोन्ही कान नेले. बोलणं शाबूत राहिलं, ऐकणं गेलं. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, त्यांना समोर बसवलं आणि ओठांवरून बोलणं वाचायला शिकवलं. त्या स्वतः कुठे शिकल्या होत्या म्हणाल तर कुठेच नाही. समोरच्याला कळेपर्यंत तेच तेच सांगायचं, एवढीच त्यांची पद्धत. त्यातून काकू जात्याच बोलक्या, नकला करण्यात पटाईत. कुणाची चाल, कुणाचं नाक मुरडणं, सगळं हुबेहूब. त्यामुळे ती शिकवणी कधी कंटाळवाणी झाली नाही आणि तशी कधी संपलीही नाही.

पुढे त्या घरात एक रीत पडून गेली. काही बोलायचं झालं की आधी उठायचं, पंखा बंद करायचा आणि मग बोलायचं. बाहेरच्याला ते खुळेपणाचं वाटे, पण त्यामागे कारण होतं. दोघांची बसायची खोली एकच. दिवा छताला चिकटलेला आणि पंखा त्याच्या खाली लोंबणारा. पंखा फिरू लागला की पात्यांच्या सावल्या काकूंच्या तोंडावरून सारख्या पळायच्या. अर्धा शब्द उजेडात, अर्धा काळोखात. मापकाका डोळे बारीक करून करून दमायचे. एकदा टेबलावर ठेवायचा दिवा आणून पाहिला, तर खालून आलेल्या उजेडात काकू अशा भेसूर दिसल्या की दोघंही हसत सुटले आणि दिवा शेजारणीला देऊन टाकला. भिंतीवर लावावा तर एकीला ओल आणि बाकीच्यांना कपाटं. मग पंखा बंद करणंच सोपं ठरलं. दिवसभर मापकाका दुकानात, संध्याकाळी घरी आले की दोघं घामाघूम होऊन गप्पा मारत बसत.

तरुणपणी हे खपून गेलं. पण अलीकडे काकूंना उकाडा सोसेनासा झाला होता. बसल्या बसल्या अंगाची लाही व्हायची, जीव घाबरा व्हायचा. पंखा बंद केला की पदराने वारा घेत त्या दोन वाक्यांत आटपायच्या. गॅस संपत आलाय, मुलीचा फोन आला होता, गोळी घेतलीत का. बास. शेजारणीचे नवे पडदे चादरी फाडून शिवल्यासारखे दिसतात, हे सांगायला भर उन्हाळ्यात पंखा कोण बंद करणार? पंखा बंद करण्याच्या लायकीचं तेवढंच बोलणं उरलं. बाकीचं, ज्यावाचून कुणाचंच काही अडत नाही ते, हळूहळू नाहीसं झालं. आणि संसारात बोलणं मुख्यतः तेच असतं, हे मापकाकांना ते गेल्यावर कळलं.

लोकांना वाटतं, बहिऱ्याचं घर शांतच असणार. साफ चूक. मापकाकांचं घर आयुष्यभर गजबजलेलं होतं. ते शांत व्हायला लागलं ते आत्ता, आणि त्या शांततेचा त्यांनी धसका घेतला होता.

अशात जुना पंखा बिघडला. दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला, मान हलवली आणि म्हणाला, "काका, आता नवाच घ्या. हल्ली पंख्याच्या पोटातच दिवा येतो, पात्यांच्या खाली."

मापकाकांनी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. पात्यांच्या खाली दिवा. म्हणजे सावल्या वर, छतावर. पण काकूंना ते काही बोलले नाहीत. आशा लावायची आणि मग ती फोल ठरायची, असं त्यांना नको होतं.

काकूंना घेऊन पंख्यांच्या दुकानात पाऊल टाकलं आणि मापकाका दारातच थबकले. छतभर पंखे फिरत होते. कुणाची पाती लाकडी, कुणाची काचेसारखी आरपार. एका पंख्याला तर पातीच नव्हती, नुसता गोल दिवा. दुकानदाराने हातातलं रिमोट दाबलं तशी त्या दिव्याच्या पाठीमागून चार पाती हळूच बाहेर आली, पसरली आणि फिरायला लागली. पुन्हा दाबलं तर मिटून आत गेली. मापकाका आ वासून बघत राहिले. मग त्यांनी ते आणखी दोनदा करायला लावलं.

"आणि मुख्य म्हणजे," दुकानदार अभिमानाने म्हणाला, "आवाज अजिबात नाही. ऐका तुम्ही."

"यांना कुठल्याच पंख्याचा आवाज येत नाही," काकू म्हणाल्या.

दुकानदार ओशाळला. मापकाकांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि आपली मागणी सांगितली. दुकानातले बाकीचे दिवे मालवायचे. फक्त हा पंखा, त्याचा दिवा आणि खाली आमची ही.

"काका, दुकान आहे हे. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"घरात दुसरा दिवा नाही माझ्या. इथे नाही बघितलं तर कळणार कसं?"

कुरकुरत का होईना, त्याने आतल्या बाजूचे दिवे घालवले. काकू पंख्याखाली जाऊन उभ्या राहिल्या, फोटो काढायला उभं केल्यासारख्या. आधी पिवळा उजेड पडला, तो मंद होता. दुकानदाराने रिमोट दाबलं आणि तो पांढरा झाला.

वर पाती इतक्या वेगाने फिरत होती की दिसतच नव्हती. काकूंचे केस उडत होते, पदर हलत होता. आणि चेहरा स्थिर होता. त्यावरून एकही सावली धावत नव्हती. कपाळावरची आठी, ओठांच्या कडेचा तीळ, सगळं जागच्या जागी.

"काहीतरी बोल," मापकाका म्हणाले.

"काय बोलू?" काकू लाजल्या. मग त्यांची डावी भुवई वर गेली. आवाज न करता, नुसत्या ओठांनी त्या म्हणाल्या, "या गृहस्थांची एक बाही दुसरीपेक्षा लांब आहे. तुम्ही तर नाही ना शिवलात हा शर्ट?"

मापकाका मोठ्याने हसले. कान गेल्यापासून वारा आणि बायकोचं बोलणं त्यांना एका वेळी कधी मिळालं नव्हतं. आता दोन्ही समोर होतं, आणि ते जगात सगळ्यांच्या घरी असतं, रोज असतं, या विचाराने ते थक्क झाले. दुकानदार बुचकळ्यात पडून पंख्याकडे बघत होता.

"हाच द्या," मापकाका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वायरमनने तो बसवला. स्क्रू ओठांत धरून तो सारखा काहीतरी सांगत होता. मापकाकांना त्यातलं एक अक्षर वाचता येईना, काकू मात्र मान डोलवत होत्या. छतावरचा जुना दिवा त्याने काढून टाकला, नवा पंखा आणि त्यातला दिवा, दोन्हीला मिळून एकच बटण ठेवलं आणि गेला.

संध्याकाळी दोघं समोरासमोर बसली. खोलीत वारा होता, लख्ख उजेड होता आणि कुणीच बोलत नव्हतं. इतक्या दिवसांनी काय बोलायचं, असा संकोच झाला होता. मापकाका मधूनच वर बघत, मधूनच काकूंकडे.

मग काकूंची डावी भुवई वर गेली. मापकाका सावरून बसले. काकू लगबगीने उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि सवयीने बटण बंद केलं.

मिट्ट काळोख. वारा विरत विरत थांबला. मापकाका काळोखात ताठ बसून राहिले. त्या तिथे बोलत असतील, हसत असतील, त्यांना काहीच कळायला मार्ग नव्हता. या घरात ते असे पूर्ण एकटे कधीच नव्हते, आणि ते घाबरले.

दिवा लागला. काकू बटणावर बोट ठेवून उभ्या होत्या, दुसरा हात कपाळाला.

"काय सांगत होतीस?"

"काही नाही. उगाच आपलं."

या उत्तरावर गेली काही वर्षं ते गप्प बसत आले होते. आज ते उठले. काकूंची खुर्ची त्यांनी ओढत आणून बरोबर दिव्याखाली ठेवली, आपली तिच्यासमोर.

"मग ते उगाचचंच सांग," ते म्हणाले.

काकूंनी एकदा वर पंख्याकडे पाहिलं. मग खुर्चीत बसल्या, उडणारे केस कानामागे सारले आणि वायरमन काय काय म्हणत होता ते पहिल्यापासून सांगायला लागल्या.