कवीच्या बायका आणि माझी

पुण्यात मराठेशाहीचे जुने कागद वाचता यावेत म्हणून मी फारसी शिकलो आणि बाराव्या शतकातल्या एका प्रेमकवीच्या नादी लागलो. त्या नादापायी बरी चाललेली नोकरी सोडून टोरोंटोच्या विद्यापीठात पीएच.डी.ला आलो. मिसिसागात आम्ही एक बेसमेंट भाड्याने घेतलं होतं. बायको बँकेत नोकरी करून घर चालवायची आणि मी, जन्मभर आपलं गाव न सोडलेल्या त्या माणसावर प्रबंध लिहायचो.

या कवीला एका राजाने भेट म्हणून एक दासी पाठवली होती. त्याने तिच्याशी लग्न केलं, तिच्यावर जीव ओवाळून टाकला. ती गेल्यावर आपल्या काव्याच्या नायिकेत त्याला तीच दिसू लागली. पुढे त्याने आणखी दोन लग्नं केली. त्याही बायका गेल्या. एकेक काव्य पुरं होताना एकेक बायको गेली, असं त्याचं त्यानेच लिहून ठेवलंय. मी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं आणि असल्या भाबडेपणाची यथेच्छ टिंगल केली. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्यांतला मी नव्हेच.

त्या हिवाळ्यात बायकोच्या छातीत गाठ सापडली. सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आम्ही रिपोर्टची वाट पाहू लागलो. प्रबंधाचा तेव्हा फक्त शेवटचा परिच्छेद उरला होता. मी रोज कॉम्प्युटरसमोर बसायचो आणि तसाच उठायचो. मनात पाल चुकचुकली होती. स्वतःचा संताप यायचा, पण हात चालत नसे. "अजून दोन संदर्भ तपासायचेत," असं बायकोला सांगायचो. त्या दिवसांत बर्फ शोव्हल करायला मी कमालीच्या उत्साहाने जायचो.

रिपोर्ट मिळणार होता त्या सकाळी माझ्या गाईडबाईंचा फोन आला. मी बाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो, म्हणून बायकोने घेतला. आत आलो तर ती कोट घालून माझ्या खुर्चीत बसलेली.

"आज सबमिट केलं नाहीस तर आता एक्स्टेन्शन मिळणार नाही म्हणाल्या. एकच पॅराग्राफ राहिलाय ना? मग इतके दिवस काय करतोयस?"

तिने स्क्रीनवर कवीच्या बायकांच्या मजकुरावर बोट ठेवलं.

"याच्यामुळे?"

"हो!" मी ओरडलोच. "घाबरलोय मी. हसायचं तर हस."

ती हसली नाही. "अमावास्येला गाडी नको घेऊया म्हटलं, तर मला केवढं लेक्चर दिलं होतंस," एवढं मात्र म्हणाली. मग कीबोर्ड पुढे ओढला. "सांग, शेवटी काय लिहायचंय?"

"राहू दे. उशीर होईल."

"अपॉइंटमेंटला वेळ आहे. सांग."

मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. कवीने लिहिलं नसतं तर ती दासी या जगात होती हेसुद्धा कुणाला कळलं नसतं, अशा अर्थाचं वाक्य होतं. तेही तिने टाइप केलं आणि सेव्ह केलं.

"हे मी संपवलंय, तू नाही. रिपोर्ट कसाही येऊ दे, स्वतःला बोल लावत बसायचं नाही. कळलं?"

मग तिने बूट चढवले. मी गाडी काढली.

गाठ साधी निघाली. पण ते दुपारी कळलं. शेवटचं वाक्य तिने सकाळीच लिहिलं होतं.