तीन टक्क्यांच्या आत

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. अंबत्तूरला त्यांचा दाराच्या बिजागऱ्यांचा कारखाना होता. ‘होता’ लिहिताना अजून हात अडतो. परदेशी बिजागऱ्या इतक्या स्वस्त येऊ लागल्या की आमचं नुसतं पोलादच त्यांच्या तयार मालापेक्षा महाग पडे. शेवटी अण्णांनी आणखी चार-पाच कारखानदार जमवून दिल्लीला अर्ज केला, की पाडलेल्या भावाने येणाऱ्या या मालावर जादा, डंपिंगविरोधी शुल्क लावा. ते लागलं तरच कारखाना तगणार होता.

मी बंदराजवळच्या जॉर्ज टाउनात कस्टम्सचे कागद भरतो. कुठला माल कुठल्या कोडखाली दाखवायचा, ते आम्हीच लिहितो. आमच्या अख्ख्या गल्लीची एक खोड आहे: शुल्क सारखंच असेल तर डोकं कशाला शिणवा, टाका ‘इतर’च्या कोडमध्ये. माल सुटतो, गिऱ्हाईक खूश. त्या बिजागऱ्यांचे कंटेनरही मी सोडवत होतो. अण्णांना ठाऊक होतं. “तू नाही तर दुसरा सोडवील,” म्हणायचे.

निकाल आला, तो अण्णांनी मला वाचायला लावला. एका देशातून येणारा माल त्या मालाच्या एकूण आयातीच्या तीन टक्क्यांहून कमी असेल तर तो नगण्य, असा नियम आहे. ज्यांच्यावर अर्ज होता त्या बिजागऱ्या तिनाच्या जराशा आत भरल्या. चौकशी बंद, शुल्क नाही.

“अय्यो! बंदरात एवढे कंटेनर उतरतात, ते गेले कुठे रे?” अण्णांनी विचारलं.

कुठे गेले ते मला ठाऊक होतं. दिल्लीत मोजले होते फक्त बिजागऱ्यांच्या कोडचे. माझे सगळे ‘इतर’मध्ये होते. एकट्या माझ्यामुळे नसेलही झालं, सगळी गल्लीच तशी. पण ही समजूत काही मनाला पटत नाही. स्वतःलाच म्हणतो, मेल्या, चार आकडे नीट लिहायला काय धाड भरली होती तुला?

तिथेच सांगून टाकलं. अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. “आपलेच दात, आपलेच ओठ,” एवढंच म्हणाले आणि उरलेली कॉफी प्यायले. पोंगलच्या सणाआधी कारखान्यात ड्रिलवर काम करणाऱ्या अकराही बायका कायमच्या घरी गेल्या. मग यंत्रं गेली.

आता अण्णा त्याच परदेशी बिजागऱ्या मागवून विकतात. दुसरं काय करणार, पोट आहे. पहिल्या कंटेनरचे कागद माझ्याकडेच आले. मी तीनदा तपासून बिजागऱ्यांचा कोड लिहिला. अण्णांनी चष्मा वर सरकवून तो वाचला.

“आता नीट लिहितोस होय?” म्हणाले, आणि सही केली.