मणीच्या गळ्यातली फीत

नाव: शरदचंद्र विनायक निमकर. वय: चौसष्ट. मूळ गाव सांगली. हल्ली मुक्काम नीलांबरी अपार्टमेंट्स, ब विंग, दुसरा मजला, वेलचेरी, चेन्नई. पूर्वीचा हुद्दा: संरक्षण खात्याच्या कारखान्यात भांडार अधिकारी. सध्याचे पद: मानद सेक्रेटरी, नीलांबरी रहिवासी असोसिएशन, सलग चौथ्यांदा, बिनविरोध. ओळखीची खूण: शर्टाच्या खिशात दोन पेने, एक निळे, एक लाल. असोसिएशनचा मोबाइल चोवीस तास जवळ बाळगतात. त्यावर आलेल्या प्रत्येक फोनची तारीख-वेळेसह रजिस्टरात नोंद होते. विशेष कामगिरी: गेल्या मे महिन्यातील नोंद क्रमांक एकतीस, ‘आवारातील एक बेवारस कुत्रा (नर, तपकिरी) अन्यत्र हलविण्यात आला.’

असा हा गृहस्थ यंदाच्या मे महिन्यात, ऐन कत्तिरीत, पत्नी आणि दोन कुत्री घेऊन चाकांवरच्या घरातून सहलीला निघाला. कत्तिरी म्हणजे उन्हाळ्यातले ते पंचवीस दिवस, ज्यांत शहाणा तमिळ माणूस घराचा पाया खणत नाही आणि कामाशिवाय उंबरठा ओलांडत नाही. कॅम्पर व्हॅन मुलीने, अनन्याने, स्वतःसाठी ठरवली होती. ऐन वेळी ऑफिसने तिला बंगळुरूला पाठवलं. कुत्री फ्लॅटमध्ये एकटी ठेवता येईनात, कारण तशी बंदी घालणारं परिपत्रक खुद्द बाबांचंच.

“मग तुम्हीच जा ना,” अनन्या म्हणाली. “मोचा आणि लाटेलाही हवापालट.”

घरात तीस वर्षं फिल्टर कॉफी, पण कुत्र्यांची नावं ही अशी. मोचा ही धिप्पाड लॅब्रेडॉर. लाटे हा चपट्या नाकाचा पग. त्याचा श्वास थंडीतसुद्धा कपाट सरकवल्यासारखा ऐकू येई.

शनिवारी सकाळी ते मरक्काणमच्या अलीकडे, मिठागरांजवळच्या कॅम्पात पोचले. कॅम्प म्हणजे कुंपण घातलेलं रान, एक नळ आणि विजेचा एक खांब. दहा वाजता पश्चिमेचा गरम वारा सुटला. अकराला व्हॅनपुढे ताणलेली ताडपत्री फाटून कुंपणापार गेली. बाराला खांब आडवा झाला आणि व्हॅनमधला एसी गप्प झाला. नळाला आधीच पाणी नव्हतं. कॅम्पचा रखवालदार ‘माणूस घेऊन येतो’ म्हणून गेला तो गेलाच. निमकरांनी व्हॅन सुरू करून पाहिली. दोनदा खोकून तीही थंडावली. त्या दिवशी थंड झालेली ती एकच वस्तू.

एकच्या सुमाराला लाटे चारी पाय पसरून पडला. जीभ जांभळट झाली होती.

“अहो, याचें लक्षण बरें नव्हे,” सुंदरीबाई म्हणाल्या. त्या तंजावरच्या. त्यांच्या घराण्यातलं मराठी तीनशे वर्षांपूर्वी कावेरीकाठी गेलं आणि तिथेच राहिलं, त्यामुळे त्या भाजी आणायला सांगत तेव्हाही दरबारातून हुकूम सुटल्यासारखं वाटे. “सुब्बास फोन करितें. त्याचें गांव येथून जवळच.”

“सुब्बा नको.”

“कां?”

निमकरांनी खिशातलं लाल पेन काढून पुन्हा ठेवलं. “उगाच त्याला कशाला त्रास?”

“त्रास? कुत्रें मरतें आहे, आणि तुम्हांस त्रासाची पडली!”

सुब्बा नीलांबरीचा नऊ वर्षं वॉचमन होता. मणी त्याचा कुत्रा. पुराच्या वर्षी तळमजला बुडाला तेव्हा मणी तीन दिवस निमकरांच्याच दारासमोर बसून होता, आणि निमकरांनी स्वतःच्या हाताने त्याला बिस्किटं घातली होती. पुढे अ विंगमधून तक्रार आली. सुब्बा भाचीच्या लग्नाला गावी गेला होता. निमकरांनी एक खाजगी गाडी बोलावली. मणी ओळखीच्या माणसाकडे बघून शेपूट हलवत पिंजऱ्यात चढला. सुब्बा परतला तेव्हा निमकर म्हणाले, “उन्हाळ्यात कुत्री भटकतात. येईल.” सुब्बाने अकरा दिवस ड्यूटी संपल्यावर सायकलने शोध घेतला, पार गिंडीच्या कारखान्यांपर्यंत. बाराव्या दिवशी काठी आणि शिट्टी निमकरांच्या टेबलावर ठेवून तो गावी, भावाच्या मिठागरावर, निघून गेला. निमकरांनी दोन्ही वस्तू मिळाल्याची नोंद केली.

सुंदरीबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी फोन लावला.

वीस मिनिटांत सुब्बा मोपेडवर आला. मागे पाण्याचे दोन कॅन, पुढे गोणपाट. उन्हाने काळवंडला होता, पण सवयीने त्याचा हात कपाळाकडे गेला. “वणक्कम सार.” निमकर हात वर करता करता राहिले.

सुब्बाने गोणपाट भिजवून व्हॅनच्या सावलीत अंथरलं, लाटेला त्यावर निजवलं, पोट आणि पंजे ओले केले. “एकदम गार पाणी नको, अम्मा. हळूहळू. वारा घाला.” सुंदरीबाई पदराने वारा घालू लागल्या. निमकरांना काम उरलं नाही, म्हणून ते कॅन धरून उभे राहिले. कॅन स्वतःच्या बुडावर चांगला उभा होता.

लाटेचा श्वास सावकाश सुरळीत होऊ लागला. तेवढ्यात समुद्राकडून काळं आभाळ चढलं, वाऱ्याने तोंड फिरवलं आणि मिठागरावरच्या झोपड्यांची झापं उडू लागली. तीन माणसं आणि दोन कुत्री व्हॅनमध्ये शिरली. सुब्बाने वहाणा बाहेर काढल्या.

“आत आण, उडतील,” निमकर म्हणाले. “आणि वर बस. जागा आहे.”

“राहू दे सार.” तो खाली, लाटेजवळ बसला. वॉचमनने रहिवाशांच्या खुर्च्या वापरू नयेत, हेही एक परिपत्रक होतं. क्रमांक निमकरांना पाठ होता.

गारांसारखे थेंब टपावर वाजू लागले. मोचा सुब्बाच्या मांडीवर डोकं टेकून मोकळी झाली.

“सार, मणी कधी परत आला होता का?” सुब्बाने विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. पाहुण्याची चौकशी करावी तसा होता. “मी गेल्यावर? जागा ओळखून कुत्रं येतं कधी कधी.”

निमकरांना तमिळ सगळं समजे. बोलताना अडे. एरवी हे त्यांना फार सोयीचं होतं.

“सुब्बा, मणी पळाला नव्हता.”

सुब्बा गोणपाट पिळत होता. थांबला.

“त्याला... असोसिएशनने हलवलं.”

“असोसिएशन म्हणजे कोण, सार? कमिटीत सात जण होते.”

बाहेर काहीतरी मोठं मोडून पडलं. कुणी तिकडे पाहिलं नाही.

“मी,” निमकर म्हणाले. “गाडी मी बोलावली. तू लग्नाला गेला होतास तेव्हा.”

सुंदरीबाईंचा पदर हातात तसाच राहिला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तीनशे वर्षांच्या भाषेत या प्रसंगाला शब्द असणारच. पण त्यांनी एकही वापरला नाही, आणि निमकरांना तेच सोसवेना.

“कुठे सोडला?”

“शहराबाहेर. हमरस्त्यावर. नेमकं कुठे, ते गाडीवाल्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.”

सुब्बाने लाटेच्या पोटावर हात ठेवला. पोट वरखाली होत होतं. मग त्याने एकच विचारलं. “गळ्यातली फीत काढली होती का, सार?”

ती फीत निमकरांनीच दिलेली. वॉचमनच्या ओळखपत्रासाठी असोसिएशनने निळ्या फिती छापून घेतल्या होत्या. सुब्बाची जुनी विटली तेव्हा त्याने ती धुऊन मणीच्या गळ्यात बांधली. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘नीलांबरी’ आणि खाली असोसिएशनचा मोबाइल नंबर.

“नाही,” निमकर म्हणाले. “तशीच होती.”

सुब्बाचा चेहरा किंचित सैल झाला. “मग तो कुणाला सापडला नसेल, सार. नंबर होता ना त्यावर. सापडला असता तर कुणीतरी फोन केलाच असता. लोक तसे वाईट नसतात.” त्याने मान हलवली, स्वतःलाच. “जिथे गेला तिथे रमला असेल.”

पाऊस ओसरला. त्याने वहाणा घातल्या, रिकामे कॅन मोपेडला बांधले. भिजलेलं गोणपाट लाटेसाठी तिथेच राहू दिलं. “अम्मा, संध्याकाळपर्यंत याला नुसतं पाणी,” एवढं तो बजावून गेला. या वेळी हात कपाळाकडे गेला नाही.

निमकर मोपेड दिसेनाशी होईपर्यंत ओल्या वाळूत उभे होते. असोसिएशनचा मोबाइल शर्टाच्या खिशात, दोन पेनांच्या शेजारी होता.

फोन आला होता. मणीला नेल्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, हमरस्त्यावरच्या एका चहावाल्याचा. निमकरांनी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवला. त्याची नोंद नाही.