खालच्या आळीचं पाणी

मॅलाकी गॅरिटीचा डावा हात कोपरापासून नव्हता, आणि लॅटिमरमध्ये त्याचं कुणाला काही वाटत नसे. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण लढाईनंतर इलिनॉयमधल्या त्या कालव्याकाठच्या गावात असे पुरुष गुत्त्यात, चर्चमध्ये, धक्क्यावर कुठंही दिसत.

मॅलाकी मूळचा आयर्लंडमधल्या मेयोचा. बटाटा जमिनीतच कुजला त्या वर्षांत आईबाप गेले. थोरल्या बहिणीनं त्याला घेऊन जहाज गाठलं, पण ती वाटेतच तापानं गेली. अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलेल्या मॅलाकीला इंग्रजी जेमतेम येत होतं. फावडं मात्र झकास चालवता येई. कालव्याचा गाळ उपसत उपसत तो लॅटिमरला पोचला आणि तिथलाच होऊन गेला.

गावाचे दोन भाग होते. गिरणीवाले, वकील, डॉक्टर टेकडीवर राहत. कालव्याच्या कडेनं दाटीवाटीनं उभ्या असलेल्या लाकडी घरांना खालची आळी म्हणत, आणि ती सगळी आयरिश लोकांची होती. लढाई पेटली तेव्हा आळीतल्या तरण्या पोरांनी एकदमच नावं नोंदवली. मॅलाकी गेला तो सगळे निघाले म्हणून. त्यांचा कॅप्टन झाला टेकडीवरचा ऑगस्टस थेअर, मोठ्या पिठाच्या गिरणीचा वारस.

टेनेसीत एका ओढ्यावर त्यांची कंपनी कापली गेली. थेअरनं हुकूम दिला, "तुम्ही पलीकडं जा, मी मागची तुकडी घेऊन येतो." पोरं कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडं गेली. थेअर अलीकडच्या काठावरच्या पाणचक्कीत शिरला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. मॅलाकीचा हात तिथंच गेला. त्याच्या शेजारी पडलेला आळीतलाच लॅरी कडिही बराच वेळ जिवंत होता. पुढं गावच्या वर्तमानपत्रात छापून आलं, की कॅप्टन थेअर तलवार उपसून सगळ्यांत पुढं होते. आळीतल्या माणसांनी ते एकमेकांना वाचून दाखवलं आणि कुणी काही बोललं नाही. थेअर गिरणीचा मालक होता आणि आळीतली निम्मी घरं गिरणीवर जगत होती.

परत आल्यावर मॅलाकीला कालव्याचं पाणी अडवणाऱ्या दरवाज्यावर राखणदाराचं काम मिळालं. त्यानं सबीनाशी लग्न केलं, मुलं झाली. आळीचं पिण्याचं पाणी विहिरींचं, आणि विहिरींत कालव्याचं पाणी झिरपत असे. वरच्या अंगाला कातडी कमावण्याचा कारखाना होता. दर उन्हाळ्यात विषमज्वर यायचा. एका उन्हाळ्यात मॅलाकीची धाकटी डीलिया गेली.

तिला पुरून आल्यावर मॅलाकी रविवारचा कोट घालून कौन्सिलच्या कचेरीत गेला. टेकडीवर नळ होते. तेच खाली आणा, एवढंच त्याचं मागणं होतं. कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "आपल्या नगरसेवकाला भेटा."

"आमचा नगरसेवक टेकडीवर राहतो. आळीत तो कधी फिरकलेला नाही."

"मग दुसरा निवडा."

हे त्यानं विनिफ्रेड कडिहीच्या स्वयंपाकघरात सांगितलं. विनिफ्रेड ही लॅरीची विधवा. धक्क्यावरच्या हमालांसाठी खाणावळ चालवायची. आळीत तिचा शब्द फादरच्या शब्दाहून जड होता, असं फादर स्वतःच म्हणत. ती कोबी चिरत होती.

"बरोबरच बोलला की तो मेला," ती म्हणाली. "तू हो नगरसेवक."

"मी? विनी, मला चार माणसांसमोर बोलता येत नाही."

"बोलायला कोण सांगतंय? तू नुसता उभा राहा. बोलायचं काम मी बघते."

विनिफ्रेड घरोघर हिंडली. गुत्त्यात बायका जात नसत, तरी ती दारात उभी राहून आत ओरडायची, "मत कुणाला द्यायचं ते ठाऊक आहे ना? नाहीतर उद्यापासून जेवायला दुसरीकडं बघा!" मॅलाकी भरघोस मतांनी निवडून आला.

कौन्सिलमध्ये तो नळाचा ठराव मांडायचा आणि टेकडीवाले तो हाणून पाडायचे. वर्षामागून वर्षं असंच चाललं. मग थेअरला महापौर व्हायची इच्छा झाली. टेकडीवरचाच आणखी एकजण उभा होता, त्यामुळं टेकडीची मतं दोघांत फुटणार होती आणि आळीशिवाय त्याचं भागणार नव्हतं. तो स्वतः कालव्याच्या दरवाज्यावर आला.

"गॅरिटी, आपण जुने सैनिक," तो म्हणाला. "तुझ्या लोकांना जरा समजाव."

"आधी नळ," मॅलाकी म्हणाला. "चर खणून, पाइप टाकून, पाणी आलं की मग मतं."

थेअरनं थोडा विचार केला. "कौन्सिलमधली माझी माणसं तुझा ठराव मंजूर करतील. कामही मतदानाआधी पुरं होईल. पण सभेत तू माझ्या शेजारी उभं राहायचंस, आणि ओढ्यावरच्या त्या दिवसाबद्दल चार शब्द बोलायचेस."

मॅलाकी घरी गेला आणि सबीनाला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "डीलिया जायच्या आधी हे झालं असतं तर?" दुसऱ्या दिवशी त्यानं थेअरला होकार कळवला.

चर खणले गेले. आळीच्या चौकात नळ उभा राहिला आणि त्यातून स्वच्छ पाणी पडायला लागलं. त्याच चौकात, नळाशेजारीच सभा भरली. मॅलाकी फळ्यांच्या मंचावर चढला. पुढं आळीतली सगळी ओळखीची तोंडं होती.

"कॅप्टन थेअर," तो म्हणाला, "त्या दिवशी आमच्याबरोबर ओढ्यापर्यंत आले होते."

टेकडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून विनिफ्रेडचा आवाज आला, "आणि ओढ्याच्या पुढं? पुढं काय झालं तेही सांग की!"

 थेअरनं मॅलाकीकडं पाहिलं.

"पुढं माझा हात गेला, बाई," मॅलाकी म्हणाला. "त्यानंतरचं मला आठवत नाही."

विनिफ्रेडनं शाल डोक्यावर ओढली आणि ती निघून गेली. तिच्यामागून आणखी काहीजणी गेल्या.

थेअर महापौर झाला. पुढच्या निवडणुकीत विनिफ्रेड पुन्हा घरोघर हिंडली, या खेपेला मॅलाकीच्या विरोधात. "लॅरीला त्यानं नळासाठी विकला," असं ती दारादारात सांगायची, आणि त्याच दारांतल्या घागरी नळाच्या पाण्यानं भरलेल्या असायच्या. मॅलाकी सपाटून हरला. दरवाज्यावरचं काम तेवढं राहिलं. गुत्त्यात तो शिरला की बाकावरची माणसं सरकून त्याला जागा द्यायची, पण त्याच्याकडं वळायची नाहीत. त्यानं जाणं सोडलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आळीत विषमज्वर आला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यातही नाही. याबद्दल कुणी मॅलाकीला काही म्हटलं नाही, आणि त्यानंही कुणाला आठवण करून दिली नाही.

काही वर्षांनी थेअर वारला. त्याची अंत्ययात्रा बँड लावून निघाली त्या सकाळी मॅलाकी विनिफ्रेडच्या मागच्या दारात उभा राहिला. तिनं त्याला आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही.

"मला सगळं आठवतं," तो म्हणाला. "लॅरी माझ्या शेजारी होता. दुपारभर. पाणी मागत होता. ओढा दहा पावलांवर, आणि मला हलता येत नव्हतं. तुझं नाव घेत होता. मग म्हणाला, ऊन फार आहे. मग गेला."

विनिफ्रेडचे हात पिठानं माखलेले होते. ते तिनं कमरेला बांधलेल्या फडक्याला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले.

"इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"तो पाणी मागत गेला, तेही सांगावं लागलं असतं."

ती आत गेली. मॅलाकीला वाटलं, आता दार लागेल. पण ती चहाचा कप घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. तो तिथंच पायरीवर बसून प्यायला.

"तुझ्या जागेवर निवडून आलाय ना, तो डिव्हेनी," ती दाराला टेकून म्हणाली, "नुसता गाढव आहे. रस्त्यात चिखल, शाळेला छप्पर नाही. परत उभा राहा."

"तू पाडशील."

"पाडीन. तू पुन्हा भाषण केलंस तर."

मॅलाकी उभा राहिला, निवडून आला आणि म्हातारपणापर्यंत कौन्सिलमध्ये बसला. शाळेचं छप्पर त्याच्या काळात झालं, कालव्यावरचा दुसरा पूलही झाला. सभेत तो क्वचितच तोंड उघडायचा. त्या ओढ्याची गोष्ट त्यानं चारचौघांत पुन्हा कधी काढली नाही, आणि कुणी विचारलंच तर सांगायचा, "विनीला विचारा, मी तिला सगळं सांगितलंय." विचारायला सहसा कुणी जात नसे.