रंग न भरलेला फोटो

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात, तपासणीच्या टेबलावरच्या रोग्यावर वाकलेली होते. दादा म्हणाला, "आत्या गेली. मशीनवर बसल्या बसल्याच." मला रडू यायच्या आधी हसू आलं, हे कबूल करते. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच तिला शिलाई मशीनवर पाय मारायची बंदी केली होती. आत्यानं ती बंदी ऐकून घेतली होती, पाळली मात्र नव्हती.

कौसल्याआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. कोंढ्याला रस्त्याकडेच्या घराच्या ओसरीत तिचं शिलाई मशीन होतं. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा ती हे मशीन बैलगाडीत घालून माहेरी परत आली, आणि "का परत आली?" असं विचारणाऱ्या प्रत्येक बाईचं ब्लाऊजचं माप तिनं घेतलं, उत्तर मात्र दिलं नाही. गावातल्या शाळेचे दोन पिढ्यांचे गणवेश तिच्या हातचे. शिवणकाम तिला तिच्या बाबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी शिकवलं. आजोबा इंग्रजांच्या पलटणीत दर्जी होते. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले, काही वर्षं परमुलखात कैदेत राहिले आणि लढाई संपल्यावर परत आले, एवढंच घरात माहीत होतं. तिकडचं काही विचारलं तर ते म्हणत, थंडी फार होती. बस.

ओसरीच्या भिंतीवर आजोबांचा मोठा फोटो होता. जुन्या छोट्या फोटोवरून भंडाऱ्याच्या एका स्टुडिओवाल्यानं तो मोठा करून हातानं रंगवलेला. आमच्याकडे तेव्हा ती रीतच होती. माणूस काळासावळा असला तरी गाल गुलाबी व्हायचे, कपाळावर कुंकवाचा टिळा यायचा, बाईच्या अंगावर नसलेले दागिने चढायचे. आजोबांना त्यानं खाकी वर्दी घातली, टिळा लावला आणि मागे कमळाचं तळंही दिलं. त्या वर्दीकडे बघून गावातले अर्धे लोक त्यांना पोलीस समजत, अर्धे बँडवाले. लहानपणी शाळेत आत्याला "बँडवाल्याची पोरगी" म्हणत. ते तिला शेवटपर्यंत झोंबलं.

चार वर्षांपूर्वी त्या फ्रेमला उधई, म्हणजे वाळवी लागली. मागचा पुठ्ठा काढला तर आतून मूळ फोटो निघाला, पोस्टकार्डाएवढा, काळापांढरा. त्यात ना टिळा होता ना कमळं. आत्यानं तो खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कितीतरी वेळ बघत बसली. मग वर्तमानपत्राचा कागद पसरून त्यावर खडूनं त्या कोटाचं कटिंग काढायला लागली. कोणाच्याही अंगावरचा कपडा बघून घरी येऊन तो कागदावर उतरवायचा, ही तिची जुनी सवय. मी शेजारी बसले होते. ती म्हणाली, "हे इंग्रजाचं शिवणं नाही. इंग्रजाचा लोकरी डगला कमरेवर संपते, बाबांनीच शिकवलं मले. हा लांब हाय, खाली दोन खिसे हायेत, अन् खिशाच्या झाकणाले पाह्य, कशी वळणं देल्ली."

पाच गुंड्या, बंद गळा, कॉलरवर दोन्हीकडे जाड पट्ट्या. उजव्या छातीवर पंख पसरलेला पक्षी... रंगवणाऱ्यानं त्या जागी खाकी रंगाचा थर देऊन वर पेन खोचलेला दाखवला होता. आणि उजव्या दंडावर एक बिल्ला, त्यात पट्ट्यापट्ट्यांचं झेप घेतलेलं जनावर. मला ते मांजर वाटलं. आत्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. जंगल शेजारी असलेल्या माणसाला वाघाची झेप दाखवावी लागत नाही, असं तिचं म्हणणं.

नागपूरला माझ्या ओळखीचे एक निवृत्त फौजी आहेत, त्यांना जुन्या वर्द्यांचा नाद. त्यांना मी मोबाईलवर फोटो पाठवला. तासाभरात त्यांचा फोन आला. वर्दी जर्मन फौजेची होती. जर्मनीत कैदेत असलेल्या हिंदी शिपायांची एक पलटण उभी राहिली होती, इंग्रजांशी लढून देश सोडवायचा म्हणून. वाघाचा बिल्ला त्याच पलटणीचा. आणि पक्ष्याच्या पंजात जे बारीक दिसतं, ते त्या राजवटीचं स्वस्तिक. ज्या राजवटीनं माणसं भट्टीत घातली, तिचं. हे सगळं मी आत्याला सांगितलं, शेवटचंही गाळलं नाही. तिनं भट्टीबद्दल दोनदा विचारलं. लेकरंसुद्धा का, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्या दिवशी तिनं मशीन उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं रंगीत फोटो उतरवला आणि तो लहानसा फोटो भिंतीवर लावला. घरात कलागत सुरू झाली. दादाचं म्हणणं, हे झाकलेलंच बरं होतं, उद्या पोरांच्या सोयरिकीत कोणी विचारलं तर काय सांगायचं? उलट गावातली काही तरणी पोरं आली, त्यांना त्या फोटोचा मोठा फ्लेक्स करून चौकात लावायचा होता, वाघ ठळक करून आणि पक्षी कापून. आत्यानं दोघांनाही उभं केलं नाही. पोरांना म्हणाली, पक्षी कापाल तर वाघही देत नाही. दादानं मग शेवटचा डाव टाकला. म्हणाला, आजोबांनीच तो पक्षी रंगवाल्याकडून झाकून घेतला असेल तर? तुला त्यांच्या मनाविरुद्ध जायचंय का?

हे तिला लागलं. हातातला घास तिनं ताटात ठेवला. मग ती म्हणाली, "झाकलाही असन. त्यायले चार लेकरं पोसायची होती, गावात राहायचं होतं. मले आता कोणाले भ्यायचं हाय? त्या पक्ष्याचं पाप मी धुवत नाही. अन् बाप माहाच हाय. पक्षी अन् बाप, दोन्ही भिंतीवर राहतीन."

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला शाळेत गावातल्या जुन्या शिपायांचे फोटो मांडणार होते. शाळेनं निरोप पाठवला, आजोबांचा रंगीतच द्या, तो शोभतो. बापाचं नाव गावात सन्मानानं घेतलं जावं, ही तिची लहानपणापासूनची एकच आस, आणि ती अशी दारात चालून आलेली... मी तिला म्हटलं, दे ना आत्या, एवढा एक दिवस. तिनं निरोप घेऊन आलेल्या गुरुजींना चहा पाजला आणि सांगितलं, हा न्या, नाहीतर कोणताच नाही. त्यांनी कोणताच नेला नाही. पंधरा ऑगस्टच्या सकाळी ती नऊवारी नेसून, तो फोटो मांडीवर घेऊन ओसरीत रस्त्याकडे तोंड करून बसली. प्रभातफेरी समोरून गेली, तिनंच शिवलेल्या गणवेशांची. परतताना पोरं थांबली, हे कोण म्हणून विचारायला लागली. तिनं प्रत्येकाला बसवून सगळं सांगितलं, वाघही आणि पक्षीही. तेव्हापासून तिचा तो नेमच झाला. कपडे टाकायला येईल त्याला माप द्यायच्या आधी गोष्ट ऐकावी लागे, आणि घाई असणारी माणसं मग पवनीला जाऊन कपडे शिवू लागली. तिला त्याची पर्वा नव्हती.

तेरवीला मी पुन्हा पोचले तर मंडपाच्या तोंडाशी आत्याचा फ्लेक्स लावलेला. फ्लेक्सवाल्यानं तिला गोरं केलं होतं, सुरकुत्या पुसल्या होत्या आणि मागे धबधबा सोडला होता. आत्या इतकी गोरी कधीच नव्हती, आणि धबधबा तिनं जन्मात बघितला नाही. ओसरीत गेले तर भिंतीवर कमळांच्या तळ्यासमोरचे आजोबा परत आलेले. दादा माझी नजर चुकवून म्हणाला, सोयरे येणार आहेत, एवढा एक दिवस. माझा राग डोक्यात गेला. कारण तेच शब्द, अगदी तेच, मी तिला बोलले होते.

मूळ फोटो मशीनच्या खणात मिळाला, खडूच्या तुकड्यांखाली, त्या वर्तमानपत्री कटिंगच्या घडीत. मी स्टुलावर चढून रंगीत फोटो उतरवला आणि त्याच खिळ्याला हा अडकवला. शेजारी माझ्या मोबाईलमधला आत्याचा फोटो छापून आणलेला होता तो लावला, चष्मा कपाळावर, दातात सुईचा दोरा. दादा खालून हळूच म्हणाला, "काहून करून राहिली हे? लोकं विचारतीन ना."

तेवढ्यात दादाचे होणारे व्याही ओसरीत आले. त्यांनी चपला काढल्या, भिंतीकडे बघितलं, जवळ जाऊन डोळे बारीक केले आणि विचारलं, "हे कोण जी? अन् छातीवर हे काय हाय?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी आत्याची खुर्ची पुढे ओढली.

"बसा," मी म्हटलं. "सांगते."