पोरगी मासळी खाईना

माजी पोरगी आठ वर्षांची, मासळीच्या घरात जन्मली आणि मासळी खाईना, आता बोला! बाप तिचा बोटीवर गेला, वादळात दर्यात पडला, बोट परत आली, तो नाय आला. शोधून शोधून लोक दमले. मंग दिघीच्या जेट्टीवर एक बाय पोरीच्या कानावर पडंल अशी बोल्ली, "आता काय मिळायचाय, मासळीनं खाल्ला असंल." झालं! तवापासून बोंबील नुस्ता बघितला तरी पोरीला ओकारी. मी दारोदार मासळी विकते, आमच्या घरात दुसरं शिजतं काय? सासू बोलते, दोन ठेवून दे, खाईल. शेजारीण बोलते, दृष्ट काढ. इकडं पोरीच्या बरगड्या दिसायला लागल्या, एक गेला, आता ही पण जाते का काय.

तेवढ्यात शाळेतल्या बाई बोल्ल्या, तळा गावात सुट्टीत शिबिर हाय, ज्यांची आई नायतर बाप गेलाय तसल्याच पोरांचं, आठवडाभर राहायचं. मी बोल्ले, रडायला शिबिर कशाला, घरात काय कमी रडतो? पण पाठवली. काय करणार, दुसरा कुणी कामाचं काय सांगतच नव्हता. म्हसळ्याला एसटी बदलून सोडायला गेले. तिथली ताई मुंबईची, पोरीपुढं उकिडवी बसली, बोलते, "तुला काय आवडतं?"

पोरगी बोल्ली, "डाळ."

म्हटलं, घ्या!

मी रोज फोन लावायची. "खाल्लं का तिनं?"

"हो, पोटभर."

"मासळी?"

"नाही हो, इथं शाकाहारीच असतं."

"मंग खाणारच ना! त्यात तुमी काय केलंत? सांगा की तिला, मासळीनं पप्पांना खाल्लं नाय म्हणून."

ताई बोल्ली, "मला जे माहीत नाही ते तिला कसं सांगू?"

असा राग आला, मोबाईल आपटलाच असता, पण घरात एकच हाय.

आणायला गेले तं पोरगी एका पोराबरोबर चिखलात खेळत बसलेली. त्याचा बाप हायवेला ट्रकखाली गेलेला. पोरगी लांबूनच ओरडली, "आई, हा ट्रकमधी बसत नाय आणि मी मासळी खात नाय. आमचं ठरलंय!"

ताई हसली. माज्या अंगाचा नुस्ता तिळपापड. मी त्या पोराला बोल्ले, "का रे बाबा, तू भात खातोस तो तांदूळ कशातनं येतो? ट्रकमधनंच ना?"

पोरगा बोल्ला, "तांदळानं काय केलं?"

मी पोरीचा हात धरला आणि एसटीकडं निघाले.

परत येताना एसटीत पोरीनं एकदम विचारलं, "आई, पप्पांना मासळीनं खाल्लं का गो?" इतके दिवस मी बोलत आलेली, नाय गो, पप्पा देवाकडं हायत. आज दम नव्हता. मागची म्हातारी कान देऊन ऐकत होती, ऐकू दे, म्हटलं. बोल्ले, "मला नाय माहीत."

"मंग तू कशी खातेस?"

"भूक लागते म्हणून! रडत रडत खाल्लीय, पण खाल्लीय. मी पडले तं तुला कोण बघंल?"

पोरगी खिडकीकडं तोंड करून बसली. वाटलं, संपलं, आता डाळ पण सोडते ही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूनं मुद्दाम बांगड्याचं कालवण केलं. मी भांडायलाच उठले, "आजच सुचलं तुमाला?" तवर पोरीनं ताट पुढं ओढलं. बांगड्याची तुकडी बोटानं अशी कडेला सारली, लाल कालवण भातात कालवलं आणि घास तोंडात घातला.

सासू बोल्ली, "अगो, ती तुकडी पण..."

मी सासूच्या मांडीला चिमटा काढला. लग्न झाल्यापासून तिच्यासमोर आवाज नाय चढवला, आणि चिमटा काढला! तिनं डोळे वटारले. तेवढ्यात तुकडी मांजरीनं पळवली. मी तशीच बसून, जागची हलले नाय.

पोरगी बोल्ली, "आई, भात दे अजून."