काकींच्या पुतण्या

काकी खोटं बोलणार असल्या की आधी डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. आम्हाला ती खूण ठाऊक होती. पदराला हात गेला की आम्ही हसू दाबत दुसरीकडे बघायचो आणि कीर्तन ऐकावं तशी त्यांची थाप ऐकायचो. थापेत गावाचं नाव असायचं, कुणा नातेवाइकाचं दुखणं असायचं आणि बहुतेक वेळा एक म्हैसही असायची. "म्हशीवर कोण संशय घेत नाय," हे त्यांचं शास्त्र.

त्या आमच्याकडे आल्या स्वयंपाकाला. गिरण्यांचा संप लांबला, जेवायला येणारे कामगार कोकणात परतले आणि काकींची लालबागची खानावळ बंद पडली. नवरा आधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. मी तेव्हा नुकतीच शिक्षण संपवून एका छोट्या संस्थेत लागले होते. फसवून मुंबईत आणलेल्या, कुंटणखान्यात विकलेल्या आणि तिथून कशाबशा सुटलेल्या मुलींसाठी संस्थेला एक घर काढायचं होतं. काकींना स्वयंपाकाला ठरवून ठेवलं होतं, घर मात्र मिळेना. आमच्या सेक्रेटरी बाई पार्ल्याच्या, निवृत्त मुख्याध्यापिका आणि सत्याच्या बाबतीत फार कडक. प्रत्येक घरमालकापुढे बसून मुली कोण, कुठून सुटल्या, सगळं नीट समजावून सांगायच्या. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येकाने आम्हाला चहा पाजला आणि नाही म्हटलं.

"बाई," काकी एकदा म्हणाल्या, "असं खरं सांगत फिरलात तर देवालापण देऊळ मिळायचं नाय. माका एक दिवस द्या."

त्या सकाळी मुलुंडला गेल्या आणि दुपारी किल्ली घेऊन आल्या. डोंगराच्या बाजूला, एका गल्लीच्या टोकाचं बैठं घर. गावाकडच्या सात पुतण्या शिवण शिकायला येताहेत, असं मालकाला सांगून आल्या होत्या. बाई संतापल्या. "मी सही करणार नाही. आपल्याकडे शिवणाचा वर्ग कुठे आहे?"

"मग आणा ना एक मशीन," काकी शांतपणे म्हणाल्या. "खोटं खोटंच कशाला ठेवताय?"

बाईंनी स्वतःच्या घरचं मशीन टेम्पोत घालून पाठवलं आणि मगच सही केली.

पुतण्यांचा घोळ पुढे झाला. दोघी नेपाळी, एक बंगाली, दोघी आंध्राकडच्या, शांता कानडी. मराठी येणारी एकच, तीही नांदेडची. समोरच्या घरातल्या कमळाबेनने तिसऱ्याच दिवशी विचारलं, "काकी, ही पुतणी नेपाळी दिसते."

पदर सारखा झाला. "माझा धाकटा दीर मिलिटरीत ना. बर्फात बदली झाली, तिथेच लग्न केलान. सासऱ्याने म्हैस दिली."

"आणि ती कानडी बोलते ती?"

"मधला दीर. रेल्वेत. हुबळीला."

प्रत्यक्षात काकींचा नवरा आईबापांचा एकुलता एक होता. पण गल्लीसाठी त्यांनी देशभर दीर पेरले. मुलींना हे कळलं तेव्हा त्या घरात पहिल्यांदा हसणं ऐकू आलं. मग त्या फर्मायशी करू लागल्या. एकीला बाप डॉक्टर हवा होता, एकीला बापाची मिठाईची गाडी. शांताला तिच्या मामानेच विकलं होतं. ती म्हणाली, "मेरा बाप कुछ भी रखो, काकी. बस, अच्छा रखो." काकींनी तिच्या बापाला स्टेशनमास्तर केलं आणि बराच वेळ पोळी तव्यावर तशीच ठेवून दिली.

एका दुपारी शांताची घरवाली, तिच्या कुंटणखान्याची मालकीण, एका माणसाला घेऊन दारात आली. कुठून पत्ता लागला कोण जाणे. शांताने खिडकीतून पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पिंपामागे बसली. काकींनी पिठाचे हात पुसले, पदर सारखा केला आणि बाहेर गेल्या. जाताजाता मला म्हणाल्या, "मागच्या दाराने चौकीवर जा. धावू नको, गल्ली बघते."

पुढचं मी नंतर तिथल्यांकडूनच ऐकलं. "माझी मुलगी आहे, न्यायला आलेय," घरवाली म्हणाली. काकींनी दोघांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "कमळाबेन, ये गो. आमच्या शांताला बघायला पावणे आलेत."

पाच मिनिटांत ओटा बायकांनी भरला. मुलगा काय करतो, घर स्वतःचं की भाड्याचं, नवरदेव हाच का, मग वयाने इतका थोराड कसा. एका म्हातारीने त्याला दोन पावलं चालूनही दाखवायला सांगितलं. तो वैतागून म्हणाला, "हम लड़की देखने नहीं आए."

"मग कशाला आलात?" कमळाबेनने विचारलं.

काकी त्याच्यासमोर बसल्या. "सांगा ना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "इतक्या आयाबाया बसल्यात. सगळ्यांसमोर सांगा, कशाला आलात."

मी हवालदाराला घेऊन पोचले तेव्हा ओट्यावर त्या दोघांचे पेले तेवढे उरले होते आणि बायका पांगत होत्या. कमळाबेन मागे थांबली.

"काकी, आम्हाला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे," ती म्हणाली. "कोणाला काय सांगायचं, कोणाला नाही, तेपण समजतं."

काकींनी पदराकडे नेलेला हात खाली घेतला. "मग बोललीस का नाय?"

"तुमच्या दिरांच्या गोष्टी बंद झाल्या असत्या ना." जाताना तिने ब्लाउजचं कापड ठेवलं. "शांताला सांगा, बाह्या घट्ट नको."

सगळ्याच मुली सावरल्या असं नाही. दोघी परत कुंटणखान्यात गेल्या. शांताला घेऊन काकी तिच्या गावी गेल्या आणि चौथ्या दिवशी दोघी परत आल्या. "घरी कोण नव्हतं," एवढंच काकी म्हणाल्या. बाप दारातच बसला होता, हे शांताने पुढे कधीतरी सांगितलं.

गुडघे पार गेले तेव्हा काकी कुडाळजवळच्या आपल्या गावी राहायला गेल्या. शांता आपणहून बरोबर गेली. मी पत्रं पाठवायचे, जाणं मात्र राहिलं. काकी गेल्याचं कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

मी गावी पोचले तेव्हा शांता अंगणात आमसुलं वाळत घालत होती. "उशीर केलंस गो, ताई," ती म्हणाली. कानडीचा मागमूस उरला नव्हता. तिने मला माशाची आमटी-भात वाढला आणि काकी गावच्या सरपंचाला कशा थापा मारायच्या ते सांगून खूप हसवलं. निघताना मी विचारलं, "शेवटी फार त्रास झाला का गं त्यांना?"

"नाय," शांता म्हणाली. "जेवली, झोपली, सकाळी उठली नाय. काय्येक त्रास झालो नाय."

एसटीच्या थांब्यावर शेजारची एक बाई भेटली. काकी अडीच महिने अंथरुणाला खिळून होत्या, कण्हणं तीन घरं पलीकडे ऐकू जायचं आणि शांता रात्रंदिवस उशाशी बसून असायची, असं ती सांगत होती. गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले. वळणावरून अंगण दिसलं. शांता अजून तिथेच उभी होती. मी हात हलवला.